धनी जिता असलेला वस्तरा

लढाई संपली आणि पलटणीतून नाव कमी झालं, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन वस्तरे आणि एक सेफ्टी, म्हणजे पातं बदलायचं दाढीचं यंत्र, होती. बाकीच्यांनी घड्याळं आणली, गरम कोट आणले. एकानं तर ग्रामोफोन आणला आणि तबकड्या तिकडंच विसरून आला. मला दाढीच्या सामानाचं वेड लागलं होतं. इटलीच्या थंडीत पत्र्याच्या मगात बर्फ वितळवून रोज दाढी करायची सक्ती होती. त्या सक्तीनं काहींना दाढीचा कायमचा वीट आला, मला गोडी लागली.

आमचं गाव पलूसच्या अलीकडं. घरचा ऊस, दोन थोरले भाऊ शेतात राबणारे. सकाळी दारात आरसा टांगून मी दाढीला बसलो की गल्ली बघायला थांबायची. त्या काळी आपल्या गालाला आपणच हात लावायची गावात रीत नव्हती. न्हावी ठरलेल्या वाराला धोकटी घेऊन यायचा आणि कट्ट्यावर एकेकाला पुढ्यात घ्यायचा. माझा उद्योग बघून तो काही बोलला नाही, पण आई म्हणाली की त्याला वाईट वाटतं. मग त्याच्या वारी मी त्याच्याकडूनही करून घेऊ लागलो. सकाळी माझी, दुपारी त्याची. गाल सोलून निघाले, पण गावकी सांभाळली. शेतात मात्र मन रमेना. एकदा उसाला पाणी सोडून मी बांधावर वस्तऱ्याला धार लावत बसलो आणि पाणी शेजारच्याच्या वावरात गेलं, तेव्हा वडिलांनी माझी बिनपाण्यानं केली. त्याच आठवड्यात मी घर सोडलं.

धंदा सुचला तो कराडच्या स्टेशनात. माझ्यासारखाच सुटून आलेला एक मलकापूरचा गडी बाकावर बसून आपली सेफ्टी विकायला काढत होता. चांदीसारखा मुलामा, एक दात वाकडा नाही. का विकतोस म्हणून विचारलं तर म्हणाला की पाती मिळत नाहीत, धार यावी म्हणून जुनं पातं काचेच्या पेल्यात आतून घासून घासून पेला झिजला आणि बायको भांडायला लागली. मी ती घेतली. मग ध्यानात आलं की सातारा-सांगलीकडच्या गावागावांत अशा सेफ्ट्या, असे विलायती वस्तरे कोनाड्यात पडलेत. गावात त्यांना कोण विचारत नाही, आणि सांगलीत वकिलांचे कारकून, शाळामास्तर, पेढीवरचे मुनीम त्यांच्यासाठी हपापलेत. कोल्हा काकडीला राजी, तसे ते जुन्या सामानालाही राजी होते, कारण नवं मिळत नव्हतं. मी बाजाराच्या दिवशी कराड, मलकापूर, पलूस करायचो आणि उरलेले दिवस सांगलीत एका घड्याळजीच्या ओट्यावर फळी टाकून बसायचो. पलटणीत मी साधा नाईक होतो. सांगलीनं मला हवालदार केलं.

वस्तरा पारखायचा म्हणजे आधी पातं बघू नये, हे मी चुका करकरून शिकलो. आधी मूठ बघावी. मूठ वाकडी झाली असेल तर पातं मिटताना कडेला घासतं आणि धार रोज थोडी मरते. मग खिळ्यापाशी गंज. त्यानंतर पात्याला टिचकी मारावी. निकोप पातं बारीक टण्ण वाजतं, आत तडा असेल तर बद्द बोलतं. शेवटी अंगठ्याच्या नखावरून धार अलगद ओढावी. ती जिथं अडखळते ते नखाला कळतं, डोळ्याला कळत नाही. आणि विकणाऱ्याचे गाल बघावेत. गालावर कापल्याचे वण असले तर एक तर वस्तरा वाईट किंवा माणूस घाईचा, आणि घाईच्या माणसाचा वस्तरा घेऊ नये.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असायचा. गिऱ्हाईक कितीही शिकलेलं असो, वस्तरा हातात घेतला की धार बघायच्या आधी विचारायचं, ‘ह्येचा धनी जिता हाय का?’ मेलेल्या माणसाचं घोंगडं चालायचं, धोतर चालायचं, त्याची बैलजोडी तर भांडून घ्यायचे. वस्तरा नको. मेल्याची दाढी आपल्या गालावर उगवते म्हणत. मी हसायचो, पण धनी जिता असल्याशिवाय मालाला उठाव नव्हता. म्हणून मी नियम केला. धनी स्वतः समोर आल्याशिवाय वस्तरा घ्यायचा नाही, आणि तो आला नाही तर आणणाऱ्याकडून वदवून घ्यायचं. पुढं तो प्रश्न माझ्या तोंडात इतका बसला की राम राम म्हणायच्या आधी तोच बाहेर पडायचा.

बाया कधी माझ्या फळीशी येत नसत. म्हणून एक दिवस एक बाई पदराखाली काही धरून समोरच्या कापडदुकानाशी बराच वेळ घुटमळताना दिसली, तेव्हा ती माझ्याकडं येईल असं वाटलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी तऱ्हा. चाळिशीच्या पुढची, ठसठशीत कुंकू, अंगावर बेताचं पण चांगलं सोनं. शेवटी आली आणि पदराखालची पेटी फळीवर ठेवून म्हणाली, ‘ह्येची किंमत काय यील, सांगा. इकायचं न्हाई. नुस्तं सांगा.’

मी पेटी उघडली. आत मखमलीच्या खाचेत वस्तरा. असलं पातं मी आजवर दोनदाच बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा ते साहेबाच्या हातात होतं. दोन्ही अंगांनी पोखरून कागदासारखं पातळ केलेलं, मागं जाड पाठ. मात्र मूठ शिसवीची आणि गावठी. मूळची मूठ गेली म्हणजे वस्तरा पडला असणार, पडला म्हणजे तडा असणार, असा मी हिशोब केला आणि टिचक्या मारत सुटलो. तडा सापडेना. शेजारी ब्रश होता, तो तर कोराच. हे काय गौडबंगाल, म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

ती म्हणाली की पडला-बिडला नाही. मूठ शिंगाची होती म्हणून काढून टाकली. जैनाच्या घरात शिंग कशाला? आणि ब्रश जनावराच्या केसांचा, म्हणून त्याला हातच लावला नाही. गुळाच्या पेठेतलं घर होतं तिचं. नवरा तरुणपणी मुंबईला एका पेढीवर होता, तिथं तो स्वतःची दाढी करायला शिकला आणि तिथूनच ही पेटी आणली.

वस्तरा मला हवा होता. हे उघड सांगतो, तसा तो कुणालाही हवा झाला असता. त्या हावरेपणात मी सवयीनं विचारलं, ‘पन अक्का, ह्येचा धनी हाय न्हवं?’

बाईचा चेहरा एकदम बदलला. तिनं पेटी झपकन ओढून घेतली आणि म्हणाली, ‘माज्या कपाळाला दिसत न्हाई व्हय तुमास्नी? सवाष्णीला असं इच्यारत्यात?’

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. मी वस्तऱ्याचा धनी विचारला होता, तिनं स्वतःचा धनी ऐकला होता. आमच्याकडं मालकालाही धनी म्हणतात आणि नवऱ्यालाही, आणि आजवर माझ्यापुढं बाई आलीच नसल्यामुळं ही पंचाईत कधी झाली नव्हती. मी हात जोडले. गिऱ्हाइकांची रीत सांगितली, मेल्याची दाढी उगवते तेही सांगितलं. घड्याळजी आत बसून खिदळत होता, त्याला मनात शिव्या घातल्या. ऐकता ऐकता बाईचा राग उतरला. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली की मी विचारलं ते काही अगदी चूक नव्हतं.

मग तिनं जे सांगितलं ते असं. नवऱ्याला दीक्षा घ्यायची होती. घर, पेढी, कपडे, नाव, सगळं सोडून मुनींच्या मागं जायचं. लेक लग्न होऊन मिरजेकडं दिलेली, मुलगा नाही, पेढी पुतण्या बघत होता. अडलं होतं ते तिच्यापाशी. घरच्यांची संमती असल्याखेरीज दीक्षा देत नाहीत, आणि तिच्या तोंडून हो निघत नव्हतं. नाही म्हणायचीही छाती नव्हती, कारण चांगल्या कामात आडवी आली म्हणून भावकी आयुष्यभर बोट दाखवणार. शेवटी नवऱ्यानंच मार्ग काढला होता. तिला म्हणाला, तू तोंडानं बोलू नको. दीक्षा घेतली की केस हातानं उपटायचे असतात, वस्तऱ्याचं काम राहत नाही. तेव्हा तुझ्या मनाची तयारी झाली की माझा वस्तरा तुझ्या हातानं विकून ये. पैसा दान कर. वस्तरा घरात दिसला नाही की मी समजेन.

‘आन् तवर?’ मी विचारलं.

‘तवर रोज सकाळी दाढी करत्यात,’ ती म्हणाली. ‘म्या बगत बसती.’

तिनं पेटी पदराखाली घेतली आणि गेली. किंमत ऐकायची ती विसरलीच, आणि मीही सांगितली नाही.

पुढं एकदा तो स्वतः आला. पेटी बघून मी ओळखलं, नाहीतर कळलंही नसतं. उंच, हडकुळा, बोलणं हळू. धारेला बारीक खाच पडली होती, ती काढून हवी होती. मी खाच काढत होतो आणि आतून धुमसत होतो. हा माणूस संसार सोडणार आणि सोडायचं ओझं मात्र बायकोच्या हातात देणार, हा कुठला न्याय? पलटणीत आम्हाला पाठवणारानं निदान कुणाच्या बायकोला सही करायला लावली नव्हती. शेवटी मी बोललोच. म्हणालो, ‘अण्णा, जायाचं तर सरळ जावा की. अक्कांच्या हातानं कशाला?’

तो रागावला नाही. पात्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘तिला न इच्यारता गेलो तर पळून गेल्यासारखं हुईल. ती न्हाई म्हणाली तर म्या ऱ्हातो. खरंच ऱ्हातो. पन तिनं कायतरी म्हणावं.’

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे माझ्या रागालाही कळलं. खाच काढून झाल्यावर त्यानं धार आपल्या गालावर एकदा बघितली, मान हलवली आणि गेला. त्याचे गाल बघायची मला सवयच. एक वण नव्हता.

त्या दिवसापासून मला त्या वस्तऱ्याची हाव राहिली नाही. उलट बाई येऊ नये असंच वाटायचं. गुळाच्या पेठेकडून कुणी बाई येताना दिसली की मी मान खाली घालून एखाद्या सेफ्टीचा मुलामा पुसत बसायचो. मला लग्नाचा अनुभव नव्हता, वडील तेव्हा माझ्यासाठी मुली बघत होते आणि मी टाळत होतो. पण रोज सकाळी नवऱ्याची दाढी बघत बसायची आणि आज विकू की उद्या, हे ठरवायचं, हे जगणं कसं असेल याचा विचार मी इच्छा नसताना करत राहिलो.

हळदीचा हंगाम सुरू झाला होता. पेठेतून गाड्यांची रांग लागलेली, सगळी हवा पिवळी. बाई आली ती या खेपेला पदराखाली काही न लपवता. पेटी उघडपणे हातात. फळीवर ठेवली आणि सरळ उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मी उगाच पेटी उघडली, पातं बघितलं, मिटलं. तो प्रश्न तर मी गिळूनच टाकला होता.

ती म्हणाली, ‘इच्यारा की. धनी हाय का म्हून इच्यारा.’

‘ऱ्हाऊ दे, अक्का.’

‘न्हाई, इच्यारा. रीत हाय न्हवं तुमची?’

मी विचारलं.

तिनं फळीकडं बघत सांगितलं, ‘धनी न्हाई. मानूस हाय.’

मी किंमत सांगितली. माझ्याजवळ होतं ते सगळं आणि घड्याळजीकडून उसनं घेतलेलं मिळून ती किंमत झाली होती. तिनं मोजलं नाही. ती गेल्यावर घड्याळजी बाहेर आला आणि म्हणाला की तू धंद्यात बुडणार. त्याचं खरं होतं, आणि पुढं मी बुडालोही, पण ती गोष्ट वेगळी.

दीक्षेच्या सोहळ्याला सांगलीच्या आसपासची गावंच्या गावं लोटली होती. मीही गेलो. उंच चौथऱ्यावर तो बसला होता. हाताला राख लावून त्यानं डोक्याचे केस मुठीमुठीनं उपटले, मग मिशा, मग वस्तरा गेल्यापासून वाढलेली दाढी. खाली बायका गाणी म्हणत होत्या. मला आपले केस ओढल्यासारखं होत होतं आणि मी दोनदा नजर फिरवली. हनुवटीखालचे राठ केस शेवटी राहिले, तेही त्यानं काढले, चेहरा न वाकडा करता. उपटलेले केस झेलायला बायको पदर पसरून उभी होती. ते नदीत सोडतात. नंतर सगळ्यांनी नमस्कार केला, तसा तिनंही केला, लांबून. त्यानं जो आशीर्वाद सगळ्यांना दिला तोच तिला दिला.

आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या फळीशी रांग. त्या वस्तऱ्याची बातमी कुठून तरी फुटली होती. जो तो तो बघायला, हात लावायला, विकत घ्यायला येऊ लागला. धनी जिता आहे का हे कुणीही विचारत नव्हतं. एक व्यापारी म्हणाला की देव्हाऱ्याशेजारी ठेवीन, मागशील ते देतो. दुसऱ्यानं त्याच्यावर चढवून सांगितलं. किंमत अशी वाढत गेली की माझं उसनं फिटून वर एक बैल आला असता. आणि मला त्या सगळ्यांचा संताप आला. यांना त्या वस्तऱ्यात पुण्य दिसत होतं. त्याची किंमत जिनं चुकती केली होती ती पेठेत एकटी घरात बसली होती, तिच्याकडं यांच्यातला कोण गेला होता? मी फळी उचलली, पेटी बगलेत मारली आणि तिच्या घरी गेलो.

सोप्यात बसून ती शेंगा निवडत होती. कुंकू होतं तसंच होतं, त्यांच्यात ते पुसत नाहीत की काय, मला विचारायचा धीर झाला नाही. मी पेटी पुढं ठेवली आणि म्हणालो की ही तुमची, मला पैसे परत नकोत, पण ती लोकांच्या हाती पडलेली मला बघवत नाही. पुतण्याची बायको पाणी ठेवून गेली.

तिनं पेटीला हात लावला नाही. ‘माज्या घरात आता दाढी करनारं कोन हाय?’ ती म्हणाली. ‘तुमीच वापरा.’

मी उठलो. तिनं बस म्हणून खूण केली. मग म्हणाली की घरात चामड्याचा पट्टा कधी आणला नाही, त्यामुळं नवरा धार तळहातावर करायचा. उजेड व्हायच्या आधी चुलीपुढं तिला तो आवाज ऐकू यायचा, रोज, लग्नाच्या दुसऱ्या सालापासून. आता जाग येते आणि ती तशीच पडून राहते, कारण उठायचं कशावरून ते कळत नाही.

‘येकदा करून दावा,’ ती म्हणाली. ‘मग न्या.’

मी पातं उघडलं. तळहातावर धार करायची मला सवय नव्हती, पट्ट्यावर वाढलेला माणूस मी. डावा हात ताणून धरला आणि पाठीच्या अंगानं पातं वर नेलं, उलटवून खाली आणलं. वर, खाली. मऊ, कोरडा आवाज होता. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिचे हात शेंगांत थांबले होते. मी करत राहिलो. थांबा म्हणून ती सांगेल असं मला वाटत होतं, पण तिनं सांगितलं नाही.